पाणी कुठं अडलंय? इन्ग्रेस आणि लोड बॅलन्सरच्या जोडणीची गोष्ट

हा भाग नेहमीसारखा खोलीचं दार लावून रेकॉर्ड केलेला नाही. कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये, गावातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरापोरींसमोर बोललो, ते हे बोलणं. ऐकताना मागं ट्रॅक्टरचा आवाज येईल, त्याला इलाज नाही. बऱ्याच जणांनी मेसेज केले, की "दादा, शब्द पटापट जातात, लिहून टाका." म्हणून हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त "म्हणजे", "म्हणजे" जरा कमी केलेत.

आज विषय आहे कुबरनेटीसच्या क्लस्टरमधला इन्ग्रेस क्लाउडच्या लोड बॅलन्सरला जोडायचा कसा. आणि जोडल्यावर चालत नसेल, तर शोधायचं कुठं. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, कारण जोडायचे व्हिडिओ शंभर मिळतील. पण सकाळी सहाला फोन वाजायला लागल्यावर त्यातला एकही उपयोगी पडत नाही.

त्या सकाळी काय झालं

आम्ही चौघं एक छोटं ॲप चालवायचो. ऊस उत्पादकांसाठी. तोडणीची पाळी कधी, गाडीचा नंबर कितवा, काट्यावर वजन किती भरलं, हे सगळं मोबाईलवर दिसायचं. ऐन गळीत हंगामात एका रात्री आम्ही क्लस्टरची आवृत्ती वाढवली. सगळं हिरवं दिसलं, झोपलो.

सकाळी सहाला पहिला फोन. "ॲप उघडत नाही." मग दुसरा, मग दहावा. मी लॅपटॉप उघडला. पॉड सगळे चालू. लॉगमध्ये एक एरर नाही. खरं तर लॉगमध्ये काहीच नव्हतं. त्या गोष्टीकडं माझं लक्षच गेलं नाही. मी आपला पॉड रीस्टार्ट करतोय, पॉड वाढवतोय, पुन्हा रीस्टार्ट करतोय.

आमच्या तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची उसाची गाडी त्याच दिवशी गव्हाणीवर नंबरला होती. नंबर ॲपवर दिसेना. ड्रायव्हर मागं राहिला, पुढच्या गाड्या निघून गेल्या. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो आणि वजन घटतं, हे या खोलीत कुणाला सांगायला नको. ते नुकसान आमच्या चुकीचं होतं. क्लाउडवाल्याचं नाही, कारखान्याचं नाही. आमचं.

दुपारी तात्यांचा फोन आला. मी म्हटलं, "तात्या, सगळं चालू दिसतंय, पण लोकांपर्यंत पोचत नाही. कुठं अडलंय तेच कळंना."

तात्या म्हणाले, "आरं, पाणी येईना झालं तर तू काय करतोस? मोटर बदलतोस काय? वाफ्यापासनं चालत वर यायचं. जिथं पाणी दिसंल, त्याच्या खालच्या दारात घोटाळा."

खरं सांगतो, कुठल्याही कोर्समध्ये मला हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आज सगळं पाटाच्या पाण्यातूनच समजावतो.

पाट, चारी, दार, वाफा

आपण नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली माणसं. १८८०च्या दशकात हा कालवा सुरू झाला. वीरपासून निघतो, पुरंदर, बारामती करत इंदापूरकडं जातो. आता विचार करा, कालव्याचं पाणी आपल्या उसाच्या सरीत कसं येतं? कालव्यातनं फाट्याला, फाट्यातनं चारीला, चारीच्या दारातनं शेताच्या पाटाला, आणि मग कुणीतरी रात्री दारं धरतं तेव्हा वाफ्यात. एकही टप्पा गाळता येत नाही.

कुबरनेटीसमध्येही तसंच आहे.

पॉड म्हणजे वाफा. तुमचा प्रोग्राम तिथं चालतो. पॉड मरतो, नवा येतो, त्याचा पत्ता बदलतो. म्हणून त्याचा पत्ता कुणाला द्यायचा नाही.

सर्व्हिस म्हणजे पॉडच्या पुढचं कायमचं नाव. पॉड बदलले तरी हे नाव बदलत नाही. सर्व्हिसचे तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिला क्लस्टर-आयपी, फक्त क्लस्टरच्या आत चालतो. दुसरा नोडपोर्ट, यात प्रत्येक नोडवर एक दार उघडतं, साधारणपणे ३०००० ते ३२७६७ यांतलं. तिसरा लोड-बॅलन्सर प्रकार. तिसऱ्यात काय होतं, की क्लस्टर क्लाउडला सांगतो, "मला बाहेरून एक पत्ता पाहिजे."

हे सांगणं म्हणजे आपला सात नंबरचा अर्ज. पाणी पाहिजे म्हणून पाटबंधारेच्या शाखेत सात नंबरचा अर्ज भरतो ना, तसं. तुम्ही यामल फाईलमध्ये "टाइप: लोड-बॅलन्सर" लिहिलं, म्हणजे अर्ज भरला. तो अर्ज वाचून खरोखर लोड बॅलन्सर बांधणारा वेगळाच असतो. त्याला क्लाउड कंट्रोलर म्हणतात. तो क्लाउडकडं जातो, लोड बॅलन्सर बनवतो, तुमचे नोड त्याच्या मागं लावतो, आणि मिळालेला पत्ता सर्व्हिसवर लिहून ठेवतो.

म्हणूनच घरी लॅपटॉपवर मिनिक्यूब किंवा काइंड लावून शिकणाऱ्यांना हमखास प्रश्न पडतो, की बाहेरच्या पत्त्याच्या जागी "पेंडिंग" का दिसतं? कारण अर्ज भरलाय, पण घेणारी शाखाच नाही. लॅपटॉपवर क्लाउड कुठला? मिनिक्यूबवर "टनेल" आज्ञा चालवा, किंवा मेटल-एलबी बसवा, पत्ता मिळेल. पण खऱ्या क्लाउडवर पेंडिंग अडकलं असेल, तर "कुबेक्टल डिस्क्राइब सर्व्हिस" करा आणि सगळ्यात खालचे इव्हेंट वाचा. परवानगी नाही, कोटा संपला, सबनेट चुकला, जे काय असेल ते बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं. अर्ज का अडला ते कागदावरच असतं, आपण वाचत नाही.

मग इन्ग्रेस कशाला?

आता तुमच्याकडं पाच सर्व्हिस आहेत. एक वजनाची, एक पाळीची, एक लॉगिनची, असं. प्रत्येकीला लोड-बॅलन्सर प्रकार दिला, तर बहुतेक क्लाउडवर पाच पत्ते आणि पाच बिलं. लोड बॅलन्सरचं भाडं तासावर लागतं, कुणी वापरो न वापरो. पाच शेतांसाठी कालव्याला पाच भगदाडं पाडण्यासारखंच हे.

त्यापेक्षा एकच दार घ्यायचं आणि आत वाटणी करायची. ही वाटणी म्हणजे इन्ग्रेस. "या नावानं आलेली रिक्वेस्ट या सर्व्हिसला, स्लॅश वजन असेल तर त्या सर्व्हिसला", असे नियम.

इथं नवशिक्यांची सगळ्यात मोठी गफलत होते, नीट ऐका. इन्ग्रेस आणि इन्ग्रेस कंट्रोलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्ग्रेस म्हणजे शेजपाळीचा तक्ता. कुणाला कधी, किती. इन्ग्रेस कंट्रोलर म्हणजे पाटकरी. तक्ता भिंतीला लावला आणि पाटकरी नेमलाच नाही, तर पाणी येईल का? नुसता इन्ग्रेस लिहून "चालत नाही" म्हणणारे मी कितीतरी बघितलेत. पाटकरी आधी बसवायचा. आणि दोन पाटकरी असतील, तर तक्त्यावर कुणाचं नाव ते लिहायचं. त्याला इन्ग्रेस-क्लास म्हणतात.

मग पूर्ण साखळी अशी होते. मोबाईल, मग डीएनएस, मग क्लाउडचा लोड बॅलन्सर, मग नोडचं दार, मग इन्ग्रेस कंट्रोलरचा पॉड, मग तुमची सर्व्हिस, मग तुमचा पॉड. म्हणजे लोड-बॅलन्सर प्रकारची सर्व्हिस फक्त एक, ती कंट्रोलरच्या पुढं. बाकी सगळ्या साध्या क्लस्टर-आयपी.

काही क्लाउडवर दुसरीही पद्धत आहे. तिथं क्लाउडचाच कंट्रोलर तुमचा इन्ग्रेस वाचतो आणि नियम थेट लोड बॅलन्सरमध्ये लिहितो, मध्ये वेगळा पॉड नाही. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. फक्त आपल्याकडं कुठली आहे हे माहीत पाहिजे, नाहीतर भलत्याच ठिकाणी शोधत बसाल.

दाराशी हाक मारणारा

आता त्या सकाळी काय झालं होतं ते सांगतो.

लोड बॅलन्सर आंधळेपणानं पाणी सोडत नाही. दर काही सेकंदांनी तो प्रत्येक नोडच्या दाराशी जाऊन हाक मारतो, "आहे का कुणी?" याला हेल्थ चेक म्हणतात. ओ आली नाही, तर तो नोड बाद. सगळे नोड बाद झाले, तर काही क्लाउडवर तो कुणाकडंच पाठवत नाही.

आमची जुनी व्यवस्था फक्त दार उघडतंय का एवढंच बघायची. आवृत्ती वाढवल्यावर आमच्या क्लाउडवर हाक मारायची पद्धत बदलली. आता तो वेबची खरी रिक्वेस्ट करायला लागला, नुसत्या स्लॅशवर, म्हणजे मुख्य पानावर. आणि कुठल्याही साइटचं नाव न घेता. आमचा इन्ग्रेस कंट्रोलर काय म्हणणार? "या नावाचं माझ्या तक्त्यात कुणी नाही." आणि त्यानं दिलं ४०४.

कंट्रोलरचं उत्तर बरोबर होतं. लोड बॅलन्सरचा निष्कर्षही त्याच्या नियमानं बरोबर होता, २०० मिळालं नाही म्हणजे घर बंद. दोघं आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये गावाचं पाणी बंद. हा बदल आवृत्तीच्या टिपांमध्ये लिहिलेला होता. आम्ही वाचला नव्हता.

दुरुस्ती काय होती? कंट्रोलरच्या सर्व्हिसवर एका ओळीचं ॲनोटेशन. "हाक मारायची ती स्लॅश हेल्थझेड या पत्त्यावर मार." तिथं कंट्रोलर २०० देतो. ओळ लिहिली, थोड्याच वेळात नोड हिरवे झाले, फोन थांबले. एक ओळ. पण ती लिहायला आम्हाला दुपार झाली, कारण आम्ही वाफ्यातच बसून होतो.

आणि बघा, खूण समोरच होती. लोकांच्या मोबाईलवर ४०४ दिसत नव्हता, नुसतं गोल फिरत होतं. आणि आमचा लॉग रिकामा होता. म्हणजे रिक्वेस्ट आमच्यापर्यंत येतच नव्हती. चारी कोरडी आहे म्हटल्यावर सरी दुरुस्त करून काय उपयोग?

टेलपासून हेडकडं

शेजपाळीत पाणी टेलपासून द्यायला सुरुवात करतात, कारण टेलचा शेतकरी नेहमी उपाशी राहतो. तपासायचंही तसंच, टेलपासून. सहा पायऱ्या आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. पॉड. "कुबेक्टल पोर्ट-फॉरवर्ड" करून थेट पॉडला विचारा. उत्तर आलं? वाफा ठीक. वर चला.

२. सर्व्हिस. तिच्या मागं एंडपॉइंट आहेत का बघा. यादी रिकामी असेल, तर लेबल जुळत नाही किंवा पॉड अजून "रेडी" नाही. स्पेलिंगच्या एका अक्षरानं माझे दोन तास गेलेत.

३. इन्ग्रेस कंट्रोलर. कंट्रोलरला पोर्ट-फॉरवर्ड करा आणि "कर्ल"नं होस्ट हेडरमध्ये तुमच्या साइटचं नाव देऊन विचारा. एन्जिनएक्सवाला कंट्रोलर असेल तर आकडे बोलतात. कंट्रोलरनं ४०४ दिला, तर नियम जुळला नाही. ५०३ आला, तर सर्व्हिसच्या मागं कुणी नाही. ५०२ आला, तर पॉडपर्यंत गेला पण नीट उत्तर मिळालं नाही, बहुतेक पोर्ट चुकलाय.

४. नोडचं दार. त्याच नेटवर्कमधल्या एखाद्या मशीनवरून नोडपोर्टला विचारा. उत्तर नाही? फायरवॉलचे नियम बघा.

५. लोड बॅलन्सर. क्लाउडच्या पानावर जाऊन हेल्थ चेक हिरवा की लाल, आणि तो नेमक्या कुठल्या पोर्टवर, कुठल्या पत्त्यावर हाक मारतोय, हे डोळ्यांनी बघा. आम्ही इथं आधी आलो असतो तर गाडी वेळेत गेली असती.

६. डीएनएस. नाव बरोबर पत्त्यावर जातंय का? काही क्लाउड लोड बॅलन्सरला आयपी देतात, काही नुसतं लांबलचक नाव देतात. आयपी असेल तर ए रेकॉर्ड, नाव असेल तर सी-नेम. नावाच्या मागचा आजचा आयपी काढून तो कायमचा लिहून ठेवू नका, तो बदलतो. आणि सर्व्हिस डिलीट करून परत बनवली की नवा पत्ता मिळू शकतो. म्हणून स्थिर आयपी आधीच वेगळा राखून ठेवा.

सगळं गाव एकच माणूस दिसतं तेव्हा

अजून एक खड्डा. लोड बॅलन्सरनं रिक्वेस्ट एका नोडला दिली, पण कंट्रोलरचा पॉड दुसऱ्या नोडवर आहे. कुबरनेटीस ती आतल्या आत पलीकडं पाठवतो. पाठवताना पाठवणाऱ्याचा मूळ पत्ता पुसला जाऊन नोडचा पत्ता लागतो. मग कंट्रोलरला वाटतं, सगळ्या रिक्वेस्ट दोन-तीनच माणसांकडून येतायत. आणि तुम्ही "एका आयपीवरून मिनिटाला इतक्याच" अशी मर्यादा लावली असेल, तर सगळं गाव एकदम बंद.

यावर उपाय म्हणजे त्या सर्व्हिसवर "एक्स्टर्नल ट्रॅफिक पॉलिसी: लोकल". मग ज्या नोडवर कंट्रोलर आहे, तोच नोड रिक्वेस्ट घेतो आणि मूळ पत्ता टिकतो. बाकीचे नोड हेल्थ चेकला मुद्दाम "नाही" म्हणतात. तेव्हा पाचातले तीन नोड लाल दिसले म्हणून घाबरू नका. फक्त कंट्रोलरचे किमान दोन पॉड वेगवेगळ्या नोडवर ठेवा.

तरीही लक्षात ठेवा, मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागं ठेवतात. आपले वापरणारे सगळे मोबाईलवालेच. म्हणून मर्यादा आयपीवर लावण्यापेक्षा लॉगिनवर लावणं बरं.

आणि एचटीटीपीएस कुठं सोडवायचं ते एकदाच ठरवा, लोड बॅलन्सरवर की कंट्रोलरवर. लोड बॅलन्सरनं कुलूप उघडून साधी रिक्वेस्ट आत पाठवली, आणि कंट्रोलर म्हणाला "कुलूप लावून ये", तर बिचारा ब्राउझर गोल गोल फिरत राहतो. "खूप वेळा रीडायरेक्ट झालं" हा मेसेज दिसला की पहिल्यांदा हेच तपासा. मूळ रिक्वेस्ट सुरक्षित होती हे सांगणारं हेडर पुढं जातंय का, आणि कंट्रोलर त्यावर विश्वास ठेवतोय का, ते बघा.

आता शिकायचं काय?

प्रश्न आला होता, "दादा, इन्ग्रेस जुनं झालं म्हणतात, मग शिकायचं कशाला?"

नीट समजून घ्या. इन्ग्रेस हा प्रकार ऑगस्ट २०२०च्या १.१९ आवृत्तीत पक्का झाला. तो काढून टाकलेला नाही, फक्त त्यात नवी भर घालायचं थांबवलंय. सगळ्यात जास्त वापरात असलेला इन्ग्रेस-एन्जिनएक्स हा कंट्रोलर मात्र बंद करायचं कुबरनेटीसच्या मंडळींनी नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केलं. देखभाल मार्च २०२६पर्यंतच. कारण काय, तर खूप लोक वापरायचे आणि सांभाळणारी माणसं एक-दोन, तीही फावल्या वेळात. पाटकरी दमला. त्याच्याकडं बघायला कुणी गेलं नाही, पाणी मात्र सगळ्यांना पाहिजे. हे वाचून मला जरा वाईटच वाटलं.

पुढचा रस्ता म्हणजे गेटवे एपीआय. त्याची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२३मध्ये आली. त्यात कामं वाटून दिलीत. लोड बॅलन्सर कुठल्या जातीचा हे एकजण ठरवतो, दार कुठं उघडायचं हे दुसरा, आणि आपल्या ॲपचा नियम तिसरा लिहितो. पाटबंधारे, पाटकरी आणि शेतकरी, प्रत्येकाचा कागद वेगळा. नवीन काही उभं करत असाल तर तेच शिका. पण बाहेरचा लोड बॅलन्सर, हेल्थ चेक, मूळ पत्ता, डीएनएस, हे सगळं तिथंही तसंच आहे. तक्ता बदलला तरी कालवा तोच.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असं समजू नका. मायक्रोसॉफ्टनं २०१५मध्ये भारतात क्लाउड सुरू केला, त्यातलं एक ठिकाण पुणं. ॲमेझॉन २०१६ला मुंबईत आलं, गुगल २०१७ला. तुमच्या मोबाईलवरून निघालेली रिक्वेस्ट कदाचित पुण्यातल्याच एखाद्या इमारतीत जात असेल. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसाच्या शेतीत एआय वापरून बघितलंय, ते तर तुम्ही ऐकलंच असेल. अशा प्रत्येक ॲपच्या मागं हीच साखळी असते, आणि ती तुटली की पहाटे उठून जोडणारं माणूस लागतं. ते माणूस कोऱ्हाळ्यातलं का असू नये?

जाता जाता. आम्ही नंतर दोन गोष्टी लावून घेतल्या. एक, बाहेरच्या नेटवर्कवरून दर मिनिटाला ॲप उघडून बघणारी तपासणी, म्हणजे पहिला फोन शेतकऱ्याचा यायच्या आधी आम्हाला कळतं. दोन, हंगामात रात्रीची आवृत्ती-वाढ बंद. वाढवायची तर आधी टिपा वाचायच्या, मग दुसऱ्या छोट्या क्लस्टरवर करून बघायची.

तात्यांना नंतर सांगितलं, एका ओळीची चूक होती. ते म्हणाले, "दारात अडकलेलं गवत पण मूठभरच असतंय."

प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात त्यातलेच घेऊ. रामराम!